घरगुती व्हिडिओचे परस्परविरोधी फॉरमॅट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणता प्लेअर घ्यावा, घेतलेल्या प्लेअरवर नवी डिस्क का चालत नाही आणि हौसेने जमवलेल्या संग्रहाला काही वर्षांतच कोणी वाली का उरत नाही, अशा आशयाचे प्रश्न सतत येत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत शंका घेतल्या असून अडचणीची अपवादात्मक प्रकरणे शेवटी ठेवली आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे दिलेले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फॉरमॅटची लढाई म्हणजे नेमके काय? डिस्क ही शेवटी डिस्कच असते ना?

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन डिस्क आतून पूर्णपणे वेगळ्या नियमांनी लिहिलेल्या असू शकतात. लेझर किती खोलीवर रोखायचा, चित्र कोणत्या पद्धतीने दाबून साठवायचे, नक्कल रोखणारे संरक्षण कोणते आणि मेनू कोणत्या आज्ञावलीवर चालवायचा, या सगळ्यांचा मिळून एक फॉरमॅट होतो. दोन कंपनीगट एकाच कामासाठी दोन फॉरमॅट आणतात आणि चित्रपट स्टुडिओंना आपापल्या बाजूला ओढतात, तेव्हा काही चित्रपट एका यंत्रावरच आणि काही दुसऱ्यावरच मिळू लागतात. एका प्रकाशकाची पुस्तके वाचायला एक चष्मा आणि दुसऱ्याची वाचायला दुसरा चष्मा विकत घ्यावा लागावा, असा हा प्रकार आहे. कोणता चष्मा उद्या बाजारातून नाहीसा होणार, हे मात्र विकत घेताना कोणीही सांगत नाही.

२. असे आजवर किती वेळा घडले आहे?

लोकांना दोनच लढाया आठवतात, पण त्या बऱ्याच अधिक झाल्या. कॅसेटच्या बाजूला सोनीचा बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचा व्हीएचएस १९७६ मध्ये आला. १९७९ मध्ये फिलिप्स आणि ग्रुंडिग यांनी युरोपात ‘व्हिडिओ २०००’ आणला, ज्याची कॅसेट ऑडिओ कॅसेटसारखी उलटवून दोन्ही बाजूंनी वापरता येत असे. डिस्कच्या बाजूला १९७८ मध्ये लेझरडिस्क आली. आरसीए कंपनीने १९८१ मध्ये सुईने वाचली जाणारी सीईडी डिस्क विक्रीस काढली आणि १९८४ मध्ये तिचे प्लेअर बनवणे थांबवले. पुढे कोऱ्या डीव्हीडींचे वेगवेगळे प्रकार (प्रश्न १४), डीव्हीडीहून अधिक स्पष्ट चित्राच्या ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या डिस्क (प्रश्न ५) आणि आजचे एचडीआरचे, म्हणजे चित्रातला उजेड आणि अंधार अधिक ठळक दाखवण्याच्या पद्धतीचे प्रकार (प्रश्न ११) हे सगळे त्याच मालिकेत बसतात.

३. बीटामॅक्सचे चित्र अधिक चांगले होते, तर तो हरला कसा?

चित्र चांगले होते हे खरे आहे, पण ते पहिल्या, सर्वांत जास्त वेगावर. त्या वेगाने बीटामॅक्सच्या कॅसेटवर एकच तास रेकॉर्डिंग बसत असे, तर व्हीएचएसवर सुरुवातीपासूनच दोन तास बसत. चित्रपट एका तासात संपत नाही आणि खेळाचा सामना तर नाहीच. कामावर गेलेल्या माणसाला घरचे यंत्र आपोआप रेकॉर्ड करून हवे होते, आणि मध्येच कॅसेट बदलायला घरी कोणी नसे. सोनीने वेग कमी करून वेळ वाढवली, तेव्हा चित्रातली आघाडी जवळपास संपली. १९७७ मध्ये अमेरिकेत आरसीएच्या नावाने विकल्या जाणाऱ्या व्हीएचएस यंत्रांवर चार तासांचे रेकॉर्डिंग होऊ लागले आणि अंतर आणखी वाढले.

दुसरे कारण उत्पादकांचे आहे. व्हीएचएस बनवणाऱ्या कंपन्या संख्येने अधिक होत्या, त्यांच्यातील चढाओढीमुळे यंत्रे स्वस्त झाली, घरोघरी व्हीएचएस दिसू लागले आणि भाड्याने कॅसेट देणाऱ्या दुकानांनी साहजिकच ज्याची मागणी अधिक तो साठा वाढवला. सोनीने १९८८ मध्ये स्वतः व्हीएचएस यंत्रे बनवायला सुरुवात केली, तरी बीटामॅक्सच्या कॅसेटचे उत्पादन मार्च २०१६ पर्यंत चालू ठेवले. जुन्या ग्राहकांना इतकी वर्षे कोऱ्या कॅसेट मिळत राहिल्या, ही गोष्ट सोनीच्या बाजूने नोंदवली पाहिजे. हरलेल्या फॉरमॅटच्या ग्राहकांना असा आधार क्वचितच मिळाला आहे.

४. मग डीव्हीडीच्या वेळी अशी लढाई का झाली नाही?

ती होण्याच्या बेतात होती. एका बाजूला सोनी व फिलिप्स आणि दुसऱ्या बाजूला तोशिबा, टाइम वॉर्नर व त्यांचे सहकारी, असे दोन वेगळे प्रस्ताव १९९५ मध्ये तयार होते. आयबीएमसह मोठ्या संगणक कंपन्यांच्या गटाने दोन्ही पक्षांना बजावले की एकच फॉरमॅट ठरल्याशिवाय आम्ही कोणताही स्वीकारणार नाही, आणि त्या वर्षअखेरीस तडजोड झाली. १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी विक्रीस आली आणि फार वेगाने पसरली. मोठा खरेदीदार ठामपणे नकार देतो तेव्हा कंपन्या एकत्र बसतात, हे या प्रसंगाने दाखवून दिले. घरगुती ग्राहकांना असा संघटित नकार कधीच देता आला नाही.

तरीही १९९८ मध्ये सर्किट सिटी या अमेरिकी दुकानसाखळीने डिव्हएक्स नावाची डिस्क आणली. ती पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास चालत असे आणि त्यानंतर पुन्हा पैसे भरावे लागत. तिचा प्लेअर दूरध्वनीच्या तारेने कंपनीशी जोडलेला ठेवावा लागे. १९९९ च्या मध्यातच ती योजना गुंडाळली गेली. पुढे याच नावाचे चित्र दाबण्याचे सॉफ्टवेअर प्रसिद्ध झाले, त्याचा या डिस्कशी संबंध नाही.

५. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांच्यात तडजोड का होऊ शकली नाही?

दोन्हींत ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर होता, दोन्हींत चित्र दाबण्याच्या पद्धती बहुतांशी सारख्या होत्या, आणि तरीही मूळ रचनेत एक न जुळणारा फरक होता. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर डीव्हीडीप्रमाणेच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खोल होता, त्यामुळे डीव्हीडीचे कारखाने थोड्या बदलाने वापरता येत. ब्लू-रेत तो थर केवळ ०.१ मिलिमीटर खोल आणला होता, म्हणून एका थरावर १५ ऐवजी २५ जीबी माहिती बसत असे, पण उत्पादनाची यंत्रणा नवी उभारावी लागे आणि ओरखडे टाळण्यासाठी वर कठीण लेप द्यावा लागे. ज्याने पहिल्या रचनेवर पैसा आणि पेटंटे लावली होती त्याला दुसरी मान्य करणे महाग पडणार होते. २००५ मध्ये बोलणी झाली आणि फिसकटली.

२००६ मध्ये दोन्ही बाजारात आले. युनिव्हर्सल केवळ एचडी डीव्हीडीकडे, सोनी, डिस्ने आणि फॉक्स केवळ ब्लू-रेकडे, तर पॅरामाउंट आणि वॉर्नर दोन्हींकडे होते. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंटने ब्लू-रे सोडले, म्हणजे ज्या ग्राहकाने त्या स्टुडिओचे चित्रपट पाहता येतील या भरवशावर ब्लू-रे प्लेअर घेतला होता त्याच्या पायाखालची जमीन एका घोषणेने काढून घेतली गेली. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने उलट दिशेने तेच केले आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचे जाहीर केले. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रात ब्लू-रे वाचण्याची सोय मुळातच असल्यामुळे खेळासाठी यंत्र घेणाऱ्या लक्षावधी घरांत ब्लू-रे आपोआप पोहोचले होते, याचा निकालात मोठा वाटा होता.

एचडी डीव्हीडी घेणाऱ्यांना उतावळे ठरवण्याची पद्धत पडली आहे, ती अन्यायकारक आहे. ते प्लेअर सहसा स्वस्त होते, डिस्कवर प्रदेशाची कुलपे (प्रश्न १०) नव्हती आणि सुरुवातीपासून सर्व सोयी पूर्ण होत्या. उपलब्ध माहितीवर तो निर्णय समंजस होता. वाद उत्पादकांचा होता आणि त्याची किंमत ग्राहकांकडून वसूल झाली.

६. हरलेल्या बाजूच्या ग्राहकांना पैसे परत मिळाले का?

सरसकट कोणालाच नाही. काही दुकानांनी परतीची मुदत वाढवली किंवा खरेदीची कुपने दिली. वॉर्नरने २००९ मध्ये अमेरिकेत एक योजना चालवली, तीत आपल्या एचडी डीव्हीडीचे वेष्टनातील मुखपृष्ठ पाठवून प्रत्येक शीर्षकामागे ४.९५ डॉलर आणि टपालखर्च भरल्यास ब्लू-रे प्रत मिळत असे. ज्या स्टुडिओच्या निर्णयाने फॉरमॅट संपला त्याने बदलीसाठी पुन्हा पैसे घ्यावेत हे खटकते, पण निदान त्याने काहीतरी केले. प्लेअरच्या किमतीचा भार मात्र ग्राहकावरच राहिला.

७. दोन फॉरमॅट समोरासमोर असतील तर लगेच घ्यावे की थांबावे?

थांबणे हा पूर्ण प्रतिष्ठेचा पर्याय आहे. घ्यायचेच असेल तर चित्राच्या गुणवत्तेचे आकडे बाजूला ठेवून आधी आपल्याला हव्या असलेल्या चित्रपटांची यादी करावी आणि ते कोणत्या फॉरमॅटवर मिळतात हे पाहावे. त्यानंतर किती स्वतंत्र कंपन्या त्याचे प्लेअर बनवतात हे मोजावे, कारण एकाच कंपनीच्या जिवावर उभा असलेला फॉरमॅट त्या कंपनीने हात काढताच कोसळतो. एचडी डीव्हीडीचे जवळपास सर्व प्लेअर तोशिबाचे होते. तिसरी कसोटी जुन्या संग्रहाची आहे : नवे यंत्र तुमच्या आधीच्या डिस्क चालवत असेल, तर नवा फॉरमॅट बुडाला तरी यंत्र अगदीच वाया जात नाही.

८. दोन्ही वाचणारा प्लेअर घेतला असता तर प्रश्न सुटला नसता का?

काही अंशी सुटला असता. एलजीने २००७ मध्ये असा प्लेअर आणला होता, परंतु त्याची किंमत मोठी होती आणि एचडी डीव्हीडीच्या परस्परसंवादी मेनूचा आधार पहिल्या मॉडेलमध्ये नव्हता. वॉर्नरने एका बाजूला ब्लू-रे आणि दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी असलेली डिस्कही जाहीर केली होती. ती विक्रीला कधीच आली नाही.

९. माझा प्लेअर ब्लू-रेचाच आहे, तरी नवी ब्लू-रे डिस्क का उघडत नाही?

डिस्कवरील संरक्षणाच्या किल्ल्या वेळोवेळी बदलल्या जातात आणि प्लेअरला त्या फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातील अंगभूत सॉफ्टवेअरच्या, अद्ययावत आवृत्तीतून मिळाव्या लागतात. म्हणून प्रथम उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचे ताजे फर्मवेअर यूएसबीवर उतरवून बसवावे. उत्पादकाने ते देणे बंद केले असेल तर ग्राहकाच्या हाती फारसे काही उरत नाही, आणि ही तक्रार मला सर्वांत न्याय्य वाटते : यंत्र बिघडलेले नाही, डिस्क बिघडलेली नाही, दोन्हींचे पूर्ण पैसे दिलेले आहेत आणि चित्र मात्र दिसत नाही.

पहिल्या पिढीच्या प्लेअरची आणखी एक मर्यादा आहे. १ नोव्हेंबर २००७ पूर्वी आलेल्या बऱ्याच प्लेअरमध्ये चित्रात दुसरे छोटे चित्र दाखवण्याची सोय नव्हती आणि इंटरनेटवर चालणाऱ्या जोडसामग्रीसाठी त्याहून वरची श्रेणी लागे. अशा यंत्रावर मुख्य चित्रपट चालतो, जोडसामग्री चालत नाही. हा बिघाड नाही, त्यामुळे दुरुस्तीवर खर्च करू नये. डिस्कच्या वेष्टनावर फोरके अल्ट्रा एचडी (ब्लू-रेची पुढची, अधिक बारकाव्याची पिढी) असे लिहिलेले असेल, तर साध्या ब्लू-रे प्लेअरवर ती कोणत्याही उपायाने चालणार नाही.

१०. दुसऱ्या देशातून आणलेली डिस्क ‘चुकीचा प्रदेश’ असे का दाखवते? आणि सर्व प्रदेशांची असूनही चित्र का येत नाही?

डीव्हीडीसाठी जगाचे सहा प्रादेशिक विभाग केले आहेत, ब्लू-रेसाठी ए, बी आणि सी असे तीन. दोन्हींची विभागणी जुळत नाही : जपान आणि पश्चिम युरोप डीव्हीडीत एकाच विभागात आहेत, तर ब्लू-रेत वेगवेगळ्या. अनेक ब्लू-रे डिस्कवर हे कुलूप नसते आणि अल्ट्रा एचडी ब्लू-रेत ते मुळातच नाही, पण त्याच खोक्यातील साध्या ब्लू-रे प्रतीवर ते असू शकते. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये प्रदेश सहसा पाच वेळाच बदलता येतो, त्यानंतर शेवटचा कायम होतो, म्हणून सहज चाळा म्हणून तो बदलू नये.

दुसऱ्या भागाचे उत्तर वेगळे आहे. प्रदेशाचे कुलूप नसले तरी डीव्हीडीवरील चित्र पाल पद्धतीचे, म्हणजे ५७६ ओळी आणि ५० हर्ट्झ, किंवा एनटीएससी पद्धतीचे, म्हणजे ४८० ओळी आणि ६० हर्ट्झ असू शकते. पाल भागांत विकलेले प्लेअर आणि टीव्ही बहुधा दोन्ही दाखवतात. एनटीएससी भागांतील अनेक यंत्रे पाल चित्र स्वीकारत नाहीत. घेण्यापूर्वी वेष्टनावर दोन्ही गोष्टी पाहाव्यात.

११. एचडीआर10, एचडीआर10+ आणि डॉल्बी व्हिजन यांत मी अडकलो आहे. चुकीचा टीव्ही घेतला तर डिस्क चालणारच नाही का?

चालेल, आणि जुन्या लढायांपेक्षा येथे ग्राहकाची स्थिती बरी आहे. अल्ट्रा एचडी ब्लू-रेवर एचडीआर चित्र असेल तर एचडीआर10 हा पाया असावाच लागतो. बाकीचे दोन त्यावर अधिकचे थर म्हणून येतात. एचडीआर10 मध्ये उजेडाची माहिती पूर्ण चित्रपटासाठी एकदाच दिलेली असते, तर इतर दोन्हींत ती दृश्यागणिक बदलू शकते. सॅमसंग आपल्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन देत नाही आणि एचडीआर10+ चा पुरस्कार करते. काही कंपन्या दोन्ही देतात. टीव्ही आणि प्लेअर या दोघांनाही तो प्रकार येत असेल तरच त्याचा लाभ मिळतो, अन्यथा यंत्रे मुकाट्याने पायाभूत चित्रावर उतरतात. टीव्हीच्या पडद्याची स्वतःची उजळण्याची क्षमता यापेक्षा कितीतरी अधिक फरक घडवते, म्हणून एवढ्या एका खुणेसाठी चांगला टीव्ही सोडू नये.

१२. फोरके प्लेअर जोडला तर पडदा काळा पडतो किंवा चित्र कमी दर्जाचे येते. दोष कोणाचा?

बहुतेक वेळा मधल्या यंत्राचा. फोरके डिस्कसाठी प्लेअरपासून टीव्हीपर्यंतच्या प्रत्येक दुव्याला एचडीसीपी २.२ हे संरक्षण कळावे लागते. मध्ये जुना ध्वनिवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) किंवा एचडीएमआय विभाजक असेल तर साखळी तेथेच तुटते. खात्री करण्यासाठी प्लेअर थेट टीव्हीला जोडून पाहावा आणि टीव्हीच्या सर्व एचडीएमआय खाचा सारख्या नसतात हेही ध्यानात ठेवावे. ज्यांच्या जुन्या एचडी टीव्हीला केवळ अ‍ॅनालॉग जोडणी आहे त्यांची अडचण सुटणारी नाही : २०११ पासूनच्या ब्लू-रे प्लेअरमध्ये त्या मार्गाने येणारे चित्र साध्या डीव्हीडीच्या दर्जावर आणले गेले आणि पुढे ती जोडणीच काढून टाकण्यात आली.

१३. संगणकाला फोरके ब्लू-रे ड्राइव्ह जोडली, तरी अधिकृत सॉफ्टवेअर नकार का देते?

कारण ते इंटेलच्या प्रोसेसरमधील एसजीएक्स या सुरक्षा सोयीवर अवलंबून होते आणि इंटेलने ११व्या व १२व्या पिढीपासून घरगुती संगणकांच्या प्रोसेसरमधून ती सोय वगळली. त्यामुळे नवा, अधिक वेगवान संगणक ती डिस्क चालवत नाही, जुना मात्र चालवत असे. अशा डिस्कसाठी स्वतंत्र प्लेअर घेणे हाच सरळ मार्ग आहे.

१४. घरी रेकॉर्ड केलेली डीव्हीडी एका प्लेअरवर चालते आणि दुसऱ्यावर नाही, असे का?

डीव्हीडी-आर, डीव्हीडी+आर आणि डीव्हीडी-रॅम हे परस्परांशी स्पर्धा करणारे प्रकार होते. पहिले दोन्ही लिहिणाऱ्या ड्राइव्ह आल्यावर ती लढाई विझली, तरी जुने प्लेअर अजून आवडनिवड दाखवतात. पण अधिक वेळा कारण साधे असते : डिस्क फायनलाइझ केलेली, म्हणजे लिहिणे संपल्यावर इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून बंद केलेली, नसते. ज्या रेकॉर्डरवर ती लिहिली त्याच्याच मेनूतून ते करावे, आणि तो रेकॉर्डर टाकून देण्यापूर्वी सगळ्या डिस्क तपासाव्यात.

१५. ब्लू-रे बंद झाले असे वाचले. आता प्लेअर घेण्यात अर्थ आहे का?

सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या, घरी लिहिण्याच्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. चित्रपटांच्या छापील डिस्क ही वेगळी गोष्ट आहे आणि त्या निघत आहेत. प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या मात्र खरोखर कमी होत आहेत. ओपोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारासाठी नवे प्लेअर आणणे थांबवल्याचे जाहीर केले. ज्यांचा संग्रह मोठा आहे त्यांनी एक चांगला प्लेअर आताच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. व्हीएचएसची शेवटची यंत्रे फुनाई कंपनीने जुलै २०१६ पर्यंत बनवली, आणि त्यानंतर कॅसेट असलेल्यांना जुन्या, वापरलेल्या यंत्रांवरच भागवावे लागले.

१६. स्ट्रीमिंगमुळे फॉरमॅटचा त्रास संपला नाही का?

प्लेअरचा त्रास कमी झाला, विखुरलेपणाचा नाही. ‘विकत घेतलेला’ डिजिटल चित्रपट बहुधा पाहण्याचा परवाना असतो. अनेक स्टुडिओंनी मिळून २०११ मध्ये सुरू केलेली अल्ट्राव्हायोलेट ही साठवण सेवा ३१ जुलै २०१९ रोजी बंद झाली. ज्यांनी आपले खाते मुदतीत दुसऱ्या विक्रेत्याशी जोडले त्यांचे बहुतेक चित्रपट टिकले. डिस्ने त्या सेवेत कधीच सामील नव्हती, म्हणजे स्टुडिओंची फूट येथेही तशीच होती.

१७. जुन्या कॅसेटवरील चित्रण डिस्कवर घेताना चित्र उजळते-मंदावते. कॅसेट खराब झाली आहे का?

कॅसेट विकत घेतलेल्या चित्रपटाची असेल तर तो मॅक्रोव्हिजन या नक्कलविरोधी संकेताचा परिणाम आहे. अशा नकलेबाबत आपल्या देशाचा कायदा पाहावा. घरच्या समारंभाच्या कॅसेटवर तो संकेत नसतो. तेथे असे झाले तर यंत्राचे हेड (फीत वाचणारा भाग) आणि ट्रॅकिंग (फितीशी त्याची जुळणी) तपासावे. बीटामॅक्स आणि व्हिडिओ २००० ची चालू यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत, म्हणून कौटुंबिक चित्रण त्यांवर असेल तर ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

१८. माझ्याकडे एचडी डीव्हीडी डिस्क अजून आहेत. ब्लू-रे प्लेअरवर त्या चालतील का?

नाही. लेझर एकाच रंगाचा असला तरी थराची खोली वेगळी आहे (प्रश्न ५). जुना तोशिबा प्लेअर, दोन्ही वाचणारी ड्राइव्ह किंवा एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रासाठी विकली गेलेली स्वतंत्र एचडी डीव्हीडी ड्राइव्ह वापरलेल्या स्थितीत मिळू शकते, आणि शेवटची ड्राइव्ह यूएसबीने संगणकालाही जोडता येते. पैसे खर्च करण्यापूर्वी डिस्क नीट पाहून घ्याव्यात, कारण या फॉरमॅटच्या काही डिस्क आतील थर खराब झाल्यामुळे ओरखडा नसतानाही वाचता येत नाहीत. ज्या डिस्कच्या एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी आहे, तिची डीव्हीडीची बाजू आजच्या कोणत्याही डीव्हीडी किंवा ब्लू-रे प्लेअरवर लावून पाहावी. ती वाचली गेली तर तो चित्रपट पाहण्यासाठी जुना प्लेअर शोधण्याची गरज नाही.